बोटुकली किती सोडायची, हे सगळ्यात शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. सातारा जिल्ह्यात तुमच्या गावावरून कृष्णेची एक उपनदी जाते. आजोबांच्या काळी तिच्या डोहांत हातभर लांबीचे खडस, म्हणजे महाशीर मासे सापडायचे, आता वर्षानुवर्षं कोणाच्या जाळ्यात आलेले नाहीत. तुमच्या गटाला एका कंपनीकडून तीन वर्षांसाठी थोडा निधी मिळतोय. आणि तुम्ही विचारताय की महाशीरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कुठून आणावी, किती सोडावी, कुठल्या महिन्यात सोडावी.

माझं उत्तर ऐकून निराश व्हाल, पण पहिलं वर्षभर एकही सोडू नका. दुसऱ्या वर्षीही बहुधा नाही. का, ते सविस्तर सांगतो.

सह्याद्रीतल्या नद्यांच्या माशांवर काम करत मला वीसेक वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मी तुम्ही म्हणताय तेच करत होतो. एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. मे महिन्यातली दुपार, नदीकाठी मांडव, टेम्पोत ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यांत बोटाएवढी पिल्लं. पाहुणे यायला दोन तास उशीर झाला. तोवर पिशव्या हाताला कोमट लागायला लागल्या होत्या. पाहुणे आले, नारळ फुटला, पिशव्या उपड्या केल्या, फोटो झाले. पिशवी अर्धा तास नदीच्या पाण्यात तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं आणि बाहेरचं तापमान जुळतं, हे मला पाठ होतं. पण तेवढा धीर कोणालाच नव्हता, आणि मीही तोंड उघडलं नाही. संध्याकाळी मांडवाचे बांबू सोडत असताना काठच्या उथळ पाण्यात पिल्लं उलटी होऊन तरंगत होती आणि एक बगळा निवांत त्यांचा समाचार घेत होता. पुढच्या वर्षी त्यातली किती जगली असं कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

नीट सोडली असती, तरी फार काही झालं असतं असं आज मला वाटत नाही. कारण त्या नदीतून महाशीर गेला कशाने, हेच आम्ही शोधलेलं नव्हतं. जे कारण मोठ्या माशांना पुरलं, ते पिल्लांना का सोडेल? आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची प्राणी पुन्हा सोडण्याबद्दलची 2013 सालची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, की घट ज्या कारणाने झाली ते ओळखून दूर केल्याची खात्री असेल तरच सोडा. घडियालांचं उदाहरण बघा. 1970च्या दशकात सुरू झालेल्या मगर प्रकल्पात अंडी उबवून, पिल्लं मोठी करून हजारोंनी नद्यांत सोडली. त्याने ते नामशेष व्हायचे वाचले, हे कबूल. पण जाळी, वाळूउपसा आणि धरणांनी अडवलेलं पाणी तसंच राहिलं, आणि 2007 साली घडियालाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली.

महाशीरच्या बाबतीत तर याहून कडू गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा आपल्या लोणावळ्यापर्यंत येतो.

तुमच्या नदीतला महाशीर म्हणजे 'टॉर खुद्री'. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि 'खुद्री' हे नावही इथल्या बोलीतून उचललं. लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी टाटांच्या वीज कंपनीने 1970च्या दशकात याचं बीजोत्पादन केंद्र उभं केलं. सी. व्ही. कुलकर्णी, एस. एन. ओगले यांनी तिथे महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचं तंत्र बसवलं. ते काम कौतुकाचंच होतं. महाशीरची मादी रोहू-कटल्यासारखी लाखांत अंडी घालत नाही, किलोमागे काही हजारच घालते. अशा माशाची पिल्लं हव्या त्या संख्येने मिळायला लागली, तेव्हा ती देशभर वाटली गेली. त्यातली काही कर्नाटकात कावेरीत सोडली.

कावेरीत मात्र आधीपासून तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. 1946 साली काबिनी नदीत गळाला लागलेला 120 पौंडी मासा याच जातीचा. जगभरचे गळवाले त्याच्यासाठी भारतात यायचे, पण शास्त्राच्या दप्तरी त्याला धड नाव नव्हतं. कित्येक वर्षं तो 'मुसुल्ला' या नावाने वावरला, आणि ते नाव साइक्सने शिरूरजवळच्या घोड नदीतल्या भलत्याच माशाला दिलेलं होतं. शेवटी 2018 साली, पुण्याचे नीलेश डहाणूकर ज्यांत होते अशा संशोधकांच्या गटाने दाखवून दिलं, की हा 'टॉर रेमादेवी' आहे. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जाहीर झाला. नाव मिळालं, तेव्हा जायची वेळ झालेली.

कावेरीत काय घडत होतं, ते कळलं गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीकाठच्या गलिबोरे कॅम्पवर 1998 ते 2012 या काळात मासा पकडायचा, वजन लिहायचं आणि परत सोडायचा, अशी शिस्त होती. त्या नोंदी मांडल्यावर दिसलं, की सोडलेल्या निळसर परांच्या महाशीरची, म्हणजे आपल्या 'टॉर खुद्री'ची, संख्या वाढत होती आणि सरासरी वजन उतरत होतं, म्हणजे लहान मासे भरपूर होते. उंचवट्याच्या महाशीरचं उलटं. संख्या घटत होती, वजन मात्र वाढत होतं. गळाला मोठाले मासे लागत होते, म्हणून सगळे खूश. पण मोठेच लागत होते याचा अर्थ खालून लहान येत नव्हते. गाव म्हाताऱ्यांचं होत जावं आणि पाळणा हलू नये, तसं चाललं होतं. परक्या माशाने जागा घेतली, की धरणं आणि वाळूउपशाने त्या जातीची वीण मोडली, की दोन्ही, यावर वाद घालता येईल. पण संवर्धन म्हणून सोडलेल्या बीजाने तिथल्या मूळ माशाचं भलं केलं, असं आज कोणी म्हणणार नाही.

आणि आपला 'टॉर खुद्री'? तो पूर्वी संकटग्रस्त होता, 2018 साली त्याला सर्वांत कमी चिंतेच्या गटात टाकलं गेलं. म्हणजे कंपनीला पाठवायच्या अर्जात तुम्ही 'जगातून नामशेष होत असलेला मासा' असं लिहिलंत, तर ते खरं नाही. तुमच्या नदीतून तो जातोय किंवा गेलाय, हे खरं आहे आणि काम करायला तेवढं कारण पुरे आहे. तेच लिहा.

आता मुख्य मुद्दा. या माशाचं आयुष्य तुमच्या नदीत कुठे तुटतंय, ते आधी शोधायचं. महाशीर उन्हाळा खोल डोहात काढतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी चढलं की वर निघतो. तुमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात ते हेच दिवस. वरच्या अंगाला गोटे-खडी असलेल्या, खळाळत्या, उथळ पाण्यात मादी अंडी घालते. अंडी जड असतात, तळाशी गोट्यांच्या फटींत बसतात, तीन-चार दिवसांत फुटतात. पिल्लं कित्येक दिवस त्याच फटींत उजेड टाळून दडून राहतात, मग काठच्या संथ पाण्यात येतात आणि पाऊस ओसरताना खाली डोहाकडे सरकतात. म्हणजे याला एक नदी पुरत नाही, नदीच्या चार जागा लागतात आणि त्या चारांना जोडणारं पाणीही लागतं. यातलं एक जरी तुटलं, तरी बाकी तीन कितीही चांगली असून उपयोग नाही. खडी ट्रॅक्टरने उचलून नेली असेल तर अंड्यांना जागा नाही. डोहात एप्रिलमध्ये पाणी उपसायच्या दहा मोटारी टाकल्या असतील तर मोठा मासाच उरत नाही. गावाचं सांडपाणी येत असेल तर सगळ्यांत आधी हाच मासा जातो, कारण याला प्राणवायू भरपूर लागतो. कुठली कडी तुटली हे नदीगणिक वेगळं असतं, म्हणून इथून मी तुम्हाला सांगू शकणार नाही.

पण शोधायचं कसं, ते सांगू शकतो. खर्च फारसा नाही.

आधी भोई आळीत जा. वही मिटून ठेवा आणि चहा घ्या. 'महाशीर होता का?' असं विचारू नका. तसं विचारलं की प्रत्येक जण 'लई होता' म्हणतो. शेवटचा कधी धरला, कुठल्या डोहात, केवढा होता, पोटात गाबोळी होती का, असं विचारा. एका आबांनी मला बंधारा कुठल्या साली झाला हे सांगितलं नाही, पण 'धाकटीचं लग्न झालं त्या सालापासनं चढणीला मोठा मासा आला नाही' असं सांगितलं. धाकटीचं लग्न आणि बंधाऱ्याचं बांधकाम एकाच वर्षीचं निघालं. माझ्या सहा महिन्यांच्या सर्वेक्षणातून जे निघालं नसतं, ते तिथे ओट्यावर बसून कळलं.

मग मार्च ते मे सगळे डोह चालत बघा. खोली दोरीला दगड बांधून मोजा. कुठला डोह मे अखेरपर्यंत टिकतो, कुठला आटतो, कुठे मोटारी आहेत, ते नकाशावर मांडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी निवळलं की काठच्या उथळ भागात लहान मासे शोधा. सगळ्या वर्षातलं महत्त्वाचं काम हे. रात्री बॅटरी घेऊन गेलात तर छोटे मासे काठाशी स्थिर दिसतात. बारीक आसाच्या पागाने, म्हणजे फेकजाळ्याने, दोन-चार धरा, ओल्या हाताने पट्टीवर ठेवून फोटो काढा आणि सोडा. कोळस या दुसऱ्या माशाचं पिल्लू आणि महाशीरचं पिल्लू यांत भल्याभल्यांची गल्लत होते. तेव्हा कुशीवरच्या रेषेतले खवले मोजा. महाशीरचे पंचवीसच्या आसपास भरतात, कोळसाचे चाळीसच्या. फोटो स्वच्छ असेल तर घरी बसूनही मोजता येतात.

यातून तीनपैकी एक चित्र निघेल. मोठेही नाहीत आणि लहानही नाहीत, म्हणजे मासा खरंच गेला. मोठे थोडे आहेत पण लहान नाहीत, म्हणजे वीण मोडली आहे आणि कावेरीसारखी गत आहे. लहान दिसतात पण मोठे नाहीत, म्हणजे वीण होते आहे, मोठा होईतो कोणीतरी मारतंय किंवा उन्हाळा मारतोय. शेवटच्या दोन्ही चित्रांत बोटुकली सोडणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं. माझ्या अनुभवात 'एकही नाही' असं सांगितल्या गेलेल्या नद्यांतही नीट पाहिल्यावर वरच्या अंगाला, जंगलाकडे, थोडे सापडतात. ते सापडले तर त्यांच्यासारखं बीज दुसरं नाही. त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या तगलेला मासा आहे तो.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, मी मात्र तिथे थांबलो. गावाखाली कोल्हापूर पद्धतीचे दोन बंधारे आहेत. या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे आणि पाऊस संपताना टाकायचे असतात. कागदावर तसंच असतं. प्रत्यक्षात काय होतं? बर्गे गंजून खाचांत अडकलेले असतात, काढायला माणसं मिळत नाहीत, किंवा पाऊस लांबला तर पाणी जाईल म्हणून शेतकरीच काढू देत नाहीत. पहिला पूर येतो, तेव्हा निम्मे बर्गे जागेवर असतात. चढणीचा मासा बंधाऱ्याखाली येऊन थबकतो. आणि ते कोणाला माहीत असतं? ज्याच्या हातात जाळं आहे त्याला. मी एका बंधाऱ्यावर जूनच्या अखेरीला पाहिलंय. खालच्या डबक्यात पोटुशा माद्या एकमेकींवर चढत होत्या, आणि वर कठड्यावर पंधरा माणसं पाग घेऊन उभी. अंडी घालायला निघालेली अख्खी पिढी दोन रात्रींत बाजारात गेली.

तेव्हा पहिला पैसा तिथे घाला. बंधाऱ्याची पाणीवापर संस्था असेल तर तिच्याशी, नाहीतर सरपंच आणि पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्याशी बोला. मेच्या शेवटच्या आठवड्यात बर्गे निघतील, एवढं एकच मागणं ठेवा. मजुरी तुमच्या निधीतून द्या. बदल्यात ऑक्टोबरात बर्गे वेळेवर टाकायला आणि रबर बदलायलाही हातभार लावा, म्हणजे शेतकऱ्यालाही त्यात काही मिळेल. बर्गे काढूनही खालचा काँक्रीटचा उंबरा उंच राहतो हे खरं, पण पुरात पाणी वर-खाली जवळपास एक होतं तेव्हा तगडा मासा पार होतो. दोन्ही बंधारे गावाखाली आहेत, आणि तुमचे जुने डोह व खडीचा पट्टा वर. म्हणून मला हा धागा आधी ओढून बघावासा वाटतो. चुकतही असेन, ऑक्टोबरातली पिल्लं सांगतील.

मासेमारीबद्दल. सरसकट बंदी मागू नका. सुरुंगाने किंवा विष घालून मासे मारणं 1897 सालच्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तेवढ्यावर ठाम राहा. जिलेटिनची कांडी आणि ब्लीचिंग पावडर वापरणारे बहुतेकदा भोई किंवा कातकरी नसतात, रविवारी मोटरसायकलवर येणारी पोरं असतात. नदीवर पोट असलेल्या माणसाला तुम्ही पहिल्या बैठकीत शेजारी बसवलंत तर तोच राखण करतो. चढणीचे पंधरा-वीस दिवस जाळं बंद ठेवा म्हणता, तर त्या दिवसांची मजुरी त्याला राखणीची म्हणून द्या. फुकटचा त्याग मागू नका.

राखीव डोहाचा विचार तुम्ही केलाच असेल. महाडजवळ काळ नदीवरचं वाळण कोंड बघून या. देवी वरदायिनीचे मासे म्हणून तिथे कोणी गळ टाकत नाही. चुरमुरे टाकले की काळ्या पाण्यातून सावल्या वर येतात आणि मांडीएवढा महाशीर पालथा होऊन परत बुडतो. वैतरणेवर तिळसे इथेही असंच आहे. उन्हाळ्यात मोठे मासे टिकवायला याहून स्वस्त आणि भक्कम व्यवस्था मला माहीत नाही. पण डोह राखला म्हणजे नदी राखली असं होत नाही. देहूच्या इंद्रायणीतही मासा न मारण्याची रीत आहे, आणि तरीही तिथे मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण वाचतोच. गळ थांबवणं गावाच्या हातात असतं, वरून येणारं पाणी नसतं.

मग बोटुकली कधीच नाही का? तसंही नाही. दोन-तीन वर्षं बघूनही वर-खाली एकही महाशीर मिळाला नाही, तुटलेली कडी सांधली गेली आहे आणि मधल्या धरणामुळे मासा स्वतःहून येणं शक्य नाही, अशी खात्री झाली, तर सोडा. तेव्हाही बीज कुठलं, हे आधी विचारा. शक्यतो कृष्णेच्याच खोऱ्यातले नर-मादी हवेत, आणि एका जोडीची पिल्लं नकोत, पुष्कळ जोड्यांची मिसळलेली हवीत. बीज केंद्रांतून पूर्वी निरनिराळे महाशीर एकत्र वाढवले गेलेत, संकरही करून पाहिलेत. तेव्हा 'महाशीर आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, पराचा तुकडा जनुकीय तपासणीला पाठवा. आणि मत्स्य खात्याची परवानगी घेतल्याशिवाय पिशवी उघडू नका. तिलापिया किंवा सायप्रिनस हे परदेशी मासे कोणी सोबत फुकट देत असेल, तर हात जोडून परत पाठवा.

राहिला तुमचा कंपनीवाला. त्याला फोटो हवा असतो, त्यात वावगं काही नाही. मांडवातल्या पिशवीऐवजी त्याला बर्गे निघतानाचा फोटो द्या, ऑक्टोबरच्या रात्री पट्टीवरच्या पिल्लाचा द्या. अहवालात 'किती सोडले' हा रकाना असेलच, तो खोडून 'त्याच नऊ जागांवर, त्याच आठवड्यात, किती लहान दिसले' असा करून घ्या. नऊ म्हणजे नऊच हव्यात असं काही नाही, पण दर वर्षी त्याच हव्यात. तीन वर्षांची मुदत मात्र कमी आहे. मादी अंड्यावर यायलाच काही वर्षं जातात, त्यामुळे तीन वर्षांत 'मासा परत आला' असं कोणाला कबूल करू नका.

आत्ता तुमच्या हातात मेअखेरपर्यंतचे दिवस आहेत. दोन्ही बंधाऱ्यांवर उभं राहून बर्गे मोजा, किती निघतात आणि किती गंजून बसलेत ते लिहा, उंबऱ्याची उंची खालच्या पाण्यापासून टेपने घ्या. ते आकडे आणि डोहांच्या खोल्या पाठवा, मग पुढचं बोलू.